बुरशीला लागली बुरशी

अळंबी पिकवायला अक्कल लागते, आणि आमच्या घरात ती फक्त मला आहे! म्हणून सासरेबुवांची आरामखुर्ची व्हरांड्यात ढकलून त्यांच्या थंड, अंधाऱ्या खोलीत मी भुशाच्या पिशव्या टांगल्या.

"जावईबापू, हे फसलं तर माझ्या मित्राच्या गोदामात पोती मोजायला जायचं," सासरेबुवांनी बजावलं.

पोती! आणि मी!

बियाणं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "पिशवीत पांढरं जाळं पसरलं, की जमलं समजा."

जाळं पसरलं. गुबगुबीत अळंब्या फुटल्या. आणि एका सकाळी बघतो तर अळंब्यांच्या डोक्यांवरही कापसासारखं पांढरं जाळं!

"अहो, हे काहीतरी वेगळंच दिसतंय," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? दुप्पट जमलंय!"

मी खुशीत पाणी फवारलं, वर पंखाही लावला. बघता बघता खोलीभर जाळंच जाळं! अळंब्या लिबलिबीत झाल्या, त्यांनी माना टाकल्या आणि असा काही वास सुटला की सासरेबुवा नाकाला रुमाल लावूनच आत आले. नाइलाजाने बाईंना बोलावलं. त्यांनी दारातच कपाळावर हात मारला.

"अहो, पिशवीतलं जाळं अळंबीचं स्वतःचं. हे दुसऱ्याच बुरशीचं!"

"बुरशीला बुरशी?"

"हो! ही अळंबीला वेढते, अंगात धागे घुसवते आणि आतलं सगळं विरघळवून पिते. पंखा लावून तुम्हीच तिला खोलीभर पेरलंत. हिचे काही भाऊबंद तर मारतसुद्धा नाहीत. आसरा देणाऱ्याला जिवंत ठेवून आरामात शोषत बसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय ही ऐतखाऊ जात! स्वतः काडी हलवायची नाही, दुसऱ्याच्या घरात घुसायचं आणि त्याच्याच जिवावर गुबगुबीत व्हायचं! आयत्या बिळावर नागोबा! जनाची नाही तर मनाची तरी लाज!"

बायको खिडकीबाहेर बघू लागली. सासरेबुवांनी रुमाल खाली घेतला आणि माझ्यावरची नजर न हलवता विचारलं, "बाई, त्या न मारणाऱ्या जातीवर उपाय काय हो?"

"खोली रिकामी करायची, काका."

लग्न झाल्यापासून मी सासरेबुवांच्याच घरी राहतो, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, नाही का? असो. निघतो आता. पोती मोजायचीत.