बसलिंग सरांचं खुदचं गाणं

अंताक्षरीत बसलिंग सरांना हरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांना खूप गाणी येत होती म्हणून नव्हे. दुसऱ्याचं एकही गाणं ते गात नसत म्हणून. आमच्या क्लासची सहल विष्णुपुरीच्या धरणावर निघाली होती. समोरच्या पार्टीनं 'ढ' दिला आणि आता हे गारद होणार म्हणून आधीच टाळ्या पिटल्या. सरांनी डोळे मिटले आणि खुशाल सुरू केलं, "ढगा रं ढगा, तुझा पत्ता सांग, तुझ्या दारात लागली रांग..." चाल लागलेली, यमक जुळलेलं.

"हे कुठलं गाणं?" गणिताचे सर ओरडले.

"खुदचं हाय."

"अंताक्षरीत खुदचं चालत न्हाई!"

"कामून? गाणं हाय का न्हाई? ढ हाय का न्हाई?"

 धरण येईपर्यंत सरांनी अशी पंधरा-वीस गाणी जागच्या जागी रचली. त्यातली दोन तर 'ण' वर होती. आम्ही इतके दमलो की धरण बघायला कुणी उतरेना.

'खुदचं हाय' हे त्यांचं ब्रीद. दुसऱ्याचं गाणं गाणं म्हणजे त्यांच्या मते देवळाबाहेरून दुसऱ्याची चप्पल घालून निघणं. राष्ट्रगीताला तेवढी त्यांनी सूट दिली होती. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी ते ओठ घट्ट मिटून अक्षता टाकत. स्टाफपैकी कुणाचा वाढदिवस असला की आम्ही सगळे ठरलेलं गाणं गायचो आणि सर त्या माणसासाठी ताजं, सहा कडव्यांचं गाणं घेऊन उभे राहायचे. चौथ्या कडव्यापर्यंत केकवरचं क्रीम वाळायचं. पुढे पुढे लोक वाढदिवस लपवायला लागले.

मी मूळचा नांदेडचा. रसायनशास्त्र शिकवायला लातूरला गेलो तेव्हा तिथं गल्लोगल्ली क्लास उगवत होते. खाली किराणा, वर फिजिक्स, गच्चीवर मुलींचं हॉस्टेल, अशी एकेक इमारत. नांदेड, परभणी, बिदरकडून आईबाप पोरांना ट्रंकेसकट आणून सोडायचे आणि डॉक्टर करून परत द्या म्हणायचे. त्या गावात माणसाला विचारायचा एकच प्रश्न होता, "किती पडले?" त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा या प्रश्नाला लोक घरांचा आकडा सांगायचे. चार-पाच वर्षांत मार्कांचा सांगू लागले. प्रश्न तोच ठेवून गाव पुढं गेलं, याला म्हणतात प्रगती.

बसलिंग सर आमच्याकडे हजेरी घ्यायचे आणि नोट्सच्या झेरॉक्स वाटायचे. पण लातूरच्या क्लासमध्ये पाणी भरणाराही 'सर'च असतो, त्यामुळे तेही सर. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. ते औसा तालुक्यातले. गाव भूकंपात गेलं, हे ते शाळा बदलली म्हणावं इतक्या सहज सांगायचे, आणि आम्हीही तितक्याच सहज ऐकायचो. त्या भागातून आलेले सगळेच तसं सांगत. आम्हाला पोर्शन संपवायचा असायचा.

त्यांच्या गुरूंची यादी मी एकदा विचारली होती. पहिले गुरू मस्तान चाचा. गावातले शिंपी. चाचांच्या दुकानात एक पेटी होती, तिच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. "त्यामुळं चाचा त्या तीन सुरांला तोंडानं वाजवायचे," सर कौतुकानं सांगत. शिलाई मशीनचा पाय चालू असायचा तो ताल. उरुसात चाचा कव्वालीला बसायचे तेव्हा गावातल्या निम्म्या विजारी अर्ध्याच शिवलेल्या राहायच्या. दुसरा गुरू म्हणजे सीमेपलीकडचं कानडी रेडिओ स्टेशन. शब्द कळायचे नाहीत, म्हणून सर त्या चालींत आपले शब्द भरायचे. पुढे चालही आपलीच करायला लागले. तिसरा गुरू, खळ्यावरचं मळणी यंत्र.

"ते काय शिकवणार?"

"सा," सर म्हणाले. "एकदा लागला का संध्याकाळपोतर हालत न्हाई."

लातुरात मळणी यंत्र नव्हतं, म्हणून सर क्लासच्या जनरेटरवरून सूर घ्यायचे. वीज गेली की आम्ही शिव्या घालायचो आणि सर जिन्याखाली जाऊन आकार लावायचे. एकदा मेकॅनिकनं जनरेटर दुरुस्त केला आणि त्याचा आवाज चढला. सर आठवडाभर गायलेच नाहीत. "तब्येत बिघडवली त्याची," म्हणाले. क्लासनं मेकॅनिकला मनापासून धन्यवाद दिले.

आमच्या संस्थापक सरांना या कलेचा उपयोग करून घ्यावा असं वाटलं. संस्थापक सरांना कशाचाही उपयोग करून घ्यावा असं वाटायचं. "आवर्तसारणीचं गाणं करा," त्यांनी फर्मावलं. बसलिंग सरांनी केलं. मात्र चाल अशी काही लावली की हायड्रोजनला वर्गात शांतता पसरली, कार्बनला मागच्या बाकावर हुंदका फुटला आणि सोडियमपर्यंत येता येता दोन मुली धाय मोकलून रडायला लागल्या. तिसऱ्या दिवशी अहमदपूरचे एक पालक क्लासमध्ये आले. "पोरगी म्हणून राहिली, बाबा मला घरी न्या. तुमी शिकवून राहिले काय पोरींला?" गाणं बंद झालं.

"तुमच्या गाण्यात नेहमी कुणीतरी मेल्यासारखं का वाटतं हो?" मी त्यांना चेष्टेनं विचारलं. असले विनोद मी तेव्हा करायचो.

ते हसले. "सूर खालचा हाय ना सर, म्हणून."

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, खुदची क्यासेट. एका बाजूला सहा गाणी, दुसऱ्या बाजूला सहा. कव्हरवर तीन ओळी: गीत बसलिंग, संगीत बसलिंग, आवाज बसलिंग.

"आणि फोटो?"

"फोटो तेवढा दुसऱ्याला काढू द्यावा लागंल," ते नाइलाजानं म्हणाले.

हे वेड मी बरीच वर्षं बघत होतो. म्हणून नांदेडला पुण्याची एक क्यासेट कंपनी नवे गायक निवडायला येणार, असं भावानं कळवलं तेव्हा फॉर्म मीच भरला. शुद्ध मराठीत. 'बालपणापासून स्वरांची ओढ' वगैरे. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे खुदचं न्हाई." मी म्हणालो, गप सही करा.

 एसटीत कुठलं गाणं म्हणणार विचारलं तर सर म्हणाले, "हाव म्हण." हे गाणं मी जिन्याखालून अर्धंमुर्धं ऐकलं होतं. विहीर खणणाऱ्या माणसाचं गाणं असावं असा माझा समज होता. आमच्याकडे हाव म्हणजे हो, हे काही मला सांगायची गरज नव्हती. अडचण आली ती पुण्याच्या साहेबांची.

हॉलमध्ये पुण्याचे साहेब तीन तास लोकांच्या तोंडून दुसऱ्यांची गाणी ऐकून कंटाळले होते. बसलिंग सर उभे राहिले. जनरेटर नव्हता, तरी सा लागला.

"माती उकरली, हाव म्हण... दगड उचलला, हाव म्हण... अजून थोडं गं, हाव म्हण..."

प्रत्येक 'हाव म्हण'नंतर ते थांबायचे. बरेच थांबायचे. साथीला बसलेला तबलजी गोंधळून सरांकडे बघायचा. मला वाटलं, शब्द विसरले. घाम मलाच फुटला.

तिसऱ्या ओळीला साहेबांनी हात वर केला. त्यांचे डोळे चमकत होते. "वा! हावेवर इतकं थेट भाष्य! माणूस जमीन ओरबाडतोय, अजून थोडं, अजून थोडं... आणि कवी त्याला बजावतोय, अरे, याला हाव म्हण! कबूल कर!" शेजारच्या बाईंनी मान डोलावून ते लिहून घेतलं. नांदेडकर श्रोते एकमेकांकडे बघू लागले.

मी डोळ्यांनीच सरांना खुणावलं, मान हलवा आणि खाली बसा. क्यासेट त्यांच्या ओंजळीत येऊन पडली होती.

"न्हाई साहेब," बसलिंग सर म्हणाले. "हाव म्हणजे हो."

साहेबांचा चेहरा उतरला. एवढं मोठं तत्त्वज्ञान बघता बघता होकारावर आलं होतं. तरी माणूस भला होता. विचार करून म्हणाला, "आवाजात काहीतरी आहे तुमच्या. घेऊ आपण. फक्त शब्द बदलू. 'हो म्हण' करा. महाराष्ट्रभर कळलं पाहिजे ना? आणि मधल्या त्या रिकाम्या जागा काढून टाकू, ऐकणाऱ्याला वाटतं टेप अडकली. बाकीची गाणी बघू नंतर. चालेल?"

अर्ध्या हॉलनं माना डोलावल्या. एक शब्द. तोही अर्थ न बदलता.

"जमत न्हाई साहेब," सर म्हणाले, नमस्कार केला आणि खाली आले.

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. लोह्याला गाडी थांबली, लोक उतरले, चढले, आणि मी सुरू झालो. इतकी वर्षं क्यासेट क्यासेट करून आमचं डोकं खाल्लं आणि ती मिळत होती तेव्हा एका शब्दासाठी अडून बसला? कोण समजता स्वतःला? 'हो' म्हटलं तर काय जीभ झडणार होती? हट्टालाही काही ताळतंत्र असतं. आता आयुष्यभर बसा जिन्याखाली. मला शिकवायची सवय असल्यामुळे हे सगळं मी पाठीमागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर उन्हात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "सर, ते गाणं मी बसून रचलं न्हाई."

"म्हणजे?"

"भूकंपाच्या दिवशी मी खळ्यावर झोपलो व्हतो, म्हणून वाचलो. पळत घरी आलो तर घर कुठं हाय तेच कळंना. नुसता माती-दगडाचा ढीग. माय-बाप आवाज देईनात. पर आमची कस्तुरी व्हती आत. धाकटी. नऊ वर्साची. मी वरून हाक मारली, कस्तुरे, हायस का? तर आतून म्हणली, हाव."



"मंग मी हातानं माती उकरू लागलो. तिला झोप येऊन राहिली म्हणायची. झोपू द्यायची न्हाई एवढंच मला कळत व्हतं. बोलून बोलून काय बोलावं? मंग गाऊ लागलो. माती उकरली, हाव म्हण. ती म्हणायची, हाव. दगड उचलला, हाव म्हण. हाव. दुपारपोतर म्हणत व्हती." त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "त्याच्या आधी मी चालीसकट खुदचं गाणं कधी केलं नव्हतं, सर."

गाडीचा ड्रायव्हर चहा पिऊन आला, जागेवर बसला, इंजिन सुरू झालं.

"साहेब म्हणले, रिकाम्या जागा काढा. त्या रिकाम्या न्हाईत. आन् 'हो' करा म्हणले. आमच्या कस्तुरीला 'हो' कुठं येत व्हतं? तिला 'हाव'च येत व्हतं."

मला माझी लाज वाटली.  आवर्तसारणीच्या वेळी केलेला विनोद आठवला, 'बालपणापासून स्वरांची ओढ' आठवली. या माणसाबरोबर मी सहा वर्षं रोज चहा पीत होतो आणि घरी कोण कोण होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. किती पडले, हे मात्र मी रोज शंभर पोरांना विचारत होतो.

"सर, म्हणा ते गाणं," मी म्हणालो. "पूर्ण म्हणा. मी ऐकतो."

त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग थोड्या वेळानं, गाडी अहमदपूरच्या रस्त्याला लागल्यावर, आपणच हलक्या आवाजात सुरू केलं. "माती उकरली, हाव म्हण..." आणि थांबले.  त्या जागेत काही बोलायचा मला हक्क नव्हता. "दगड उचलला, हाव म्हण..." पुन्हा थांबले. एसटी खडखडत होती. "अजून थोडं गं, हाव म्हण..."

पुढच्या सीटवर पदरानं डोकं बांधलेली एक म्हातारी मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन पेंगत होती. तिला वाटलं, कुणीतरी आपल्यालाच काही विचारतंय. ती दचकून जागी झाली.

"हाव," ती म्हणाली. आणि वळून बघत, "काय म्हन्लास रं लेकरा?"

 बसलिंग सरांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"काही न्हाई, माय," ते म्हणाले. "एवढंच पायजे व्हतं."