क्रमांक सातसाठी योग्य घर

विज्ञानाच्या प्रगतीसाठी कुणालातरी थोडा त्रास सोसावा लागतो, आणि तो कुणी सोसायचा हे ठरवण्याचे काम ज्यांना तो सोसायचा नाही अशा शांत डोक्याच्या माणसांकडे असावे, यावर सर्व सुसंस्कृत समाजांचे एकमत आहे. (ज्यांना सोसायचा आहे त्यांचे मत घेण्याची सोय अद्याप झालेली नाही.)

औषधे शोधणाऱ्या एका संस्थेत असा एक शांत डोक्याचा माणूस नोकरीला होता. त्याचे पद प्राणी कल्याण अधिकारी. दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती आणि तिची खिडकी प्राणिगृहाच्या पत्र्यावर उघडत असे. खिडकी बंद ठेवण्याचा नियम होता, आणि नियम त्यानेच केलेला असल्यामुळे तो मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

संस्थेत नैतिकतेला फार मान. शक्य तिथे प्राणी वापरू नयेत, वापरायचेच झाले तर कमी वापरावेत आणि वापरताना त्रास कमी द्यावा, ही तीन तत्त्वे फाटकावर रंगवून घेतली होती. पहिले तत्त्व रंगवल्यावर पूर्ण झाले. दुसऱ्याच्या बाबतीत संस्थेने मोठीच मजल मारली. पूर्वी एका प्रयोगाला चोवीस कुत्रे लागत, आता बारा पुरतात. फक्त प्रयोग दोनदा करावा लागतो. तिसऱ्यासाठी सगळे पिंजरे फिकट निळे करण्यात आले. कुत्र्यांना निळा रंग नीट दिसतो, हे त्यासाठी खास केलेल्या वेगळ्या प्रयोगात सिद्ध झाले होते.

त्या वर्षीचा प्रयोग जेवल्यानंतर पोटाला येणारा जडपणा घालवणाऱ्या गोळीचा होता. कमी जेवणे हा पर्याय समितीपुढे येऊन गेला, पण त्याचे पेटंट मिळत नाही. तेव्हा लांब कानांच्या, मध्यम चणीच्या एका जातीचे बारा कुत्रे मागवले गेले. ही जात माणसावर चटकन विश्वास ठेवते आणि दुखवले तरी दुसऱ्या दिवशी शेपटी हलवत पुढे येते, म्हणून जगभर तिलाच पसंती आहे. (विश्वास न ठेवणाऱ्या जातींवर प्रयोग करण्यात नैतिक अडचण काहीच नाही. त्या चावतात.)

प्रयोग संपल्यावर बारापैकी अकरांची पोटे आतून बघायची होती. त्या तपासणीच्या स्वरूपामुळे त्यांना नंतर घराची गरज उरणार नव्हती. उरला क्रमांक सात. त्याला तुलनेसाठी नुसती खडूची गोळी दिली जात होती, तो ठणठणीत होता, आणि त्याच्यासाठी संस्थेची निवृत्ती योजना होती.

या योजनेमागे वर्तमानपत्रांनी उठवलेली राळ होती, पण तिला आकार दिला तो आपल्या अधिकाऱ्याने. निरोगी प्राणी चांगल्या घरी द्यावा, एवढेच संचालकांनी सांगितले होते. चांगले घर म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नव्हते. अधिकाऱ्याने ते शंभर गुणांत बसवले. तत्त्व अगदी सरळ होते: संस्थेत प्राण्याला जे मिळते, त्याहून कणभरही कमी त्याला बाहेर मिळता कामा नये. म्हणजे बाराही महिने सारखे तापमान, ठरल्या वेळी लागणारा आणि ठरल्या वेळी विझणारा दिवा, मोजून दिलेले एकाच प्रकारचे खाणे, परक्या माणसांना मज्जाव आणि शांतता. पंचाहत्तर गुण मिळाले की घर योग्य. न मिळाल्यास प्राण्याला हालअपेष्टांच्या तोंडी देण्याऐवजी इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप द्यावा, असे शेवटचे कलम होते. ते सर्वांत दयाळू कलम समजले जाई.

योजना सुरू झाल्यापासूनच्या तीन वर्षांत अधिकाऱ्याने सत्तावन्न घरे पाहिली. एकही योग्य निघाले नाही. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी अंगणच होते, आणि अंगणाचे तापमान कुणाच्या हातात नसते. एक नवे जोडपे पाहणी चालू असताना चार वेळा मोठ्याने हसले. एक विधवा बाई म्हणाली, "तो आला तर मी त्याला माझ्याच पलंगावर झोपवीन," आणि तिथेच बाद झाली. प्रत्येक नकारानंतर अधिकारी बसने परत येताना मनात खंत करी की जगात प्राण्यांवर प्रेम करणारे लोक इतके, पण लायक एकही नाही.

आता क्रमांक सातविषयी. कल्याण अधिकारी प्राणिगृहात नोंदी करायला स्टुलावर बसला की हा कुत्रा त्याच्या डाव्या बुटावर हनुवटी ठेवून पडून राही. अधिकाऱ्याने याची नोंद "लेखनकार्यात अडथळा" अशी केली होती. पुढे पुढे मात्र ज्या नोंदी वर टेबलावर बसूनही झाल्या असत्या, त्या करायला तो खाली जाऊ लागला. घरी एकदा जेवताना त्याच्या तोंडून ही गोष्ट निसटली. दहावीतल्या मुलीने लगेच कुत्र्याचे नाव सात्या ठेवले, आणि नाव पडल्यावर विषय मिटवणे घरच्या कर्त्याच्या हातात राहत नाही.

"आपणच आणू या ना त्याला, बाबा."

"आपण म्हणजे कोण? रीतसर अर्ज करावा लागेल. मग पाहणी होईल."

"कोण करणार पाहणी?"

"मी."

"मग झालंच की!" मुलगी म्हणाली. बायकोने मुलीकडे नुसते पाहिले. तिच्या संसाराला अठरा वर्षे झाली होती.

पाहणी रविवारी सकाळी ठरली. अधिकारी ऑफिसचा शर्ट घालून, ओळखपत्र गळ्यात अडकवून खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत येऊन त्याने स्वतःच्या दाराची बेल वाजवली. बायकोने ओल्या हातांनी दार उघडले.

"किल्ली विसरलात?"

"नमस्कार. मी संस्थेकडून आलोय. घराची पाहणी करायची आहे."

"अहो, आत्ता ब्रेड आणायला गेला होतात ना?"

"ब्रेड आणायला गेला तो अर्जदार." मग आवाज खाली आणून त्याने पिशवी पुढे केली. "हा घ्या. आणलाय."

"आई, त्यांना आत बोलाव गं," मागून मुलगी खिदळली, "पाहुणे आहेत, पायपुसण्यावर किती वेळ उभं ठेवणार?"

"कोण आलंय?" आतल्या खोलीतून आप्पा ओरडले. आप्पा म्हणजे अधिकाऱ्याचे वडील. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते टीव्ही जास्त लावत.

"तुमचा मुलगा!" बायको ओरडली.

"तो घरी नाही म्हणून सांग!"

अधिकाऱ्याने आवाज मोजायचे यंत्र बाहेर काढले. त्याने घरात माणसे किती, असे विचारले. बायको म्हणाली, "तीन. चौथं असून नसल्यासारखं." त्याने चार लिहिले. बातम्या अठ्ठ्याहत्तर डेसिबल, मिक्सर अठ्ठ्याऐंशी, मुलीचे हसणे ब्याऐंशी. अर्ध्या तासात शेजारी दोनदा आला, एकदा पक्कड मागायला आणि एकदा ही पक्कड ती नव्हे हे सांगायला. मुलगी रात्री पुस्तक वाचत दिवा कितीही वेळ चालू ठेवते, हे बायकोने तक्रार म्हणून सांगितले आणि ते नोंदीत गेले. शेवटी त्याने मुलीला विचारले, "तुमच्या ताटातलं काही प्राण्याला द्याल का?"

"रोज," मुलगी म्हणाली. खरे बोलण्यासाठी तक्त्यात गुण नव्हते.

बेरीज एकाहत्तर झाली. त्याने ती पुन्हा केली. एकाहत्तरच.

सोमवारी संचालकांनी त्याला बोलावून घेतले. "अहो, चार गुण लावून टाका की. कोण बघतंय?" अधिकाऱ्याला हे ऐकून मनापासून दुःख झाले. ज्या संस्थेत चार गुण असे वाटले जातात, त्या संस्थेतल्या प्राण्यांनी विश्वास ठेवायचा कुणावर? निकालाविरुद्ध अपील करता येत असे. त्याने अर्जदार म्हणून अपील केले, अधिकारी म्हणून ते सहानुभूतीने वाचले आणि सकारण फेटाळले. निकालपत्र इतके नेटके उतरले होते की अर्जदार म्हणून वाचतानाही त्याला खोट काढता आली नाही.

क्रमांक सातचा निरोप शुक्रवारी होता. गुरुवारी जेवताना बायको म्हणाली, "चार गुण तुमच्याच पेनात आहेत ना?"

"हो."

"मग द्या की."

"आणि त्या सत्तावन्न लोकांचं काय? त्या पलंगवाल्या बाईंना मी कुठल्या तोंडाने नाही म्हणालो?"

"त्यांनाही द्यायला हवे होते."

अधिकाऱ्याने घास खाली ठेवला. हा मुद्दा नियमात कुठेच बसत नव्हता.

"तुमच्या त्या प्राणिगृहात कधी लावलंय हे यंत्र?" बायकोने विचारले. "सकाळी पिंजरे धुताना काय आवाज असतो?"

"प्राणिगृहाला हे मापदंड लागू नाहीत."

"का?"

"ते प्राणिगृह आहे."

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी हसणार नाही. आप्पांचा टीव्ही मी बंद ठेवीन. रात्री वाचणार नाही. आत्ता परत मोज. आत्ता कुणीच बोलत नाहीये, बघ."

"फेरपाहणी तीन महिन्यांनी करता येते," तो म्हणाला. आवाज शक्य तितका मऊ होता.

"कधी येतोय रे कुत्रा?" आप्पांनी विचारले. कुणी उत्तर दिले नाही, आणि आपल्याला ऐकू आले नाही असे समजून ते पुन्हा जेवू लागले.

निरोपाच्या वेळी प्राण्याजवळ त्याच्या ओळखीचे माणूस असावे, असा नियम होता. क्रमांक सातच्या ओळखीचे माणूस कोण, यावर प्राणिगृहात फारशी चर्चा झाली नाही. अधिकारी स्टुलावर बसला. कुत्रा शेपटी हलवत आला, बुटावर हनुवटी ठेवून पडला, आणि डॉक्टरांनी त्याचा पुढचा पाय हातात घेतला तेव्हा त्याने तो नीट पुढे केला. "प्राण्याचे संपूर्ण सहकार्य," अशी नोंद झाली. नोंद करून झाल्यावरही अधिकारी बराच वेळ पाय न हलवता बसून राहिला. कागदोपत्री ही वेळ देखरेखीत दाखवली आहे.

त्यानंतर घरी कुणी आदळआपट केली नाही. मुलीने "झालं?" एवढेच विचारले, आणि तो हो म्हणाल्यावर ती ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. पुढे ते रोजचेच झाले. आप्पांना बायकोने कानात सांगितले. त्यांनी टीव्ही बंद केला, तो पुन्हा लावायचे त्यांच्या मनात आले नाही. त्यांचे जेवण पलंगाशी जाऊ लागले. बायको गॅसच्या बिलापुरते बोले, आणि बिल दोन महिन्यांतून एकदा येई. शेजाऱ्याने पक्कड आणून दिली. त्याला कुणी बस म्हणाले नाही, तो मग फिरकला नाही. मुलीच्या दाराखालची उजेडाची रेघ आता दहाच्या आत विझत असे.

तीन महिने झाल्यावर अधिकारी नियमाप्रमाणे फेरपाहणीला गेला. त्याने बेल वाजवली. कुणी आले नाही. त्याने पुन्हा एकदा वाजवली, मग स्वतःच्या किल्लीने दार उघडले. बैठकीत उभे राहून त्याने यंत्र चालू केले. चौतीस डेसिबल. यंत्र बिघडले असेल म्हणून त्याने खाकरून पाहिले. यंत्र बरोबर होते. प्रत्येकजण आपापल्या खोलीत, दारे लोटलेली, खाणे ठरल्या वेळी जागच्या जागी, परक्यांची ये-जा शून्य. उन्हाळा असल्यामुळे तापमानाचे तेवढे चार गुण गेले.

शहाण्णव.

योजनेच्या इतिहासातले पहिले योग्य घर म्हणून संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याचा फोटो छापून आला. फोटोत चौघे आहेत, आणि चौघांच्या मध्ये, दोन पिंजऱ्यांमधल्या अंतराच्या नियमाला धरून, पुरेशी जागा सोडलेली आहे. संचालकांनी पाठ थोपटली. पुढच्या प्रयोगातून उरणारा कुत्रा याच घरी पाठवावा असे ठरले. अधिकाऱ्याने ही बातमी घरी सांगितली. ती कुणी ऐकली की नाही, हे दारे लोटलेली असल्यामुळे कळले नाही.

आता संस्थेला अशी आणखी घरे हवी आहेत. लोक उगाच कचरतात, आपले घर इतके आदर्श कुठले, असे त्यांना वाटते. वाचकांनी संकोच करू नये. हे वाचताना क्षणभर थांबा आणि घरात कान देऊन ऐका. कुणी कुणाशी बोलत नसेल, जो तो आपल्या खोलीत दार लावून असेल आणि तुम्ही वाचायचे थांबलात हे कुणाच्याही लक्षात आले नसेल, तर अभिनंदन. तुमच्याकडे पाहणीला यायचीही गरज नाही.