होती तशी फियाट

आप्पांची फियाट मी पंधरा दिवसांत होती तशी करून देतो, असं जेवता जेवता जाहीर केलं तेव्हा आई नुसती "बरं" म्हणाली. आमची बायको प्राची तेवढंही म्हणाली नाही. तिनं आमटी वाढली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मला उत्साह होता. आता नाही.

घाई होती, कारण एकवीस तारखेला आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. ज्या गाडीतून नवरी आणली त्याच गाडीतून आईला बाहुबलीला दर्शनाला न्यायचं, आणि तेही स्वतः चालवत, असं आप्पांनी ठरवलं होतं. महिनाअखेरीला त्यांचं लायसन संपत होतं आणि डोळ्यांचे डॉक्टर "आता पुरे" म्हणाले होते. म्हणजे ही शेवटचीच खेप.

आईच्या बाजूच्या दाराखालचा पत्रा गंजून पापड झाला होता. उद्यमनगरातले चन्नाप्पा मिस्त्री वेल्डिंगचं मशीन घेऊन घरीच आले. दार उतरवलं, सडका पत्रा कापला, नवा मापाचा करून ठेवला. आता टाके मारायचे, एवढ्यात आतून मुंग्या निघाल्या. हजारो, अंड्यांसकट.

"थांबा मिस्त्री," स्टुलावरनं आप्पा म्हणाले. "जीव हाईत आत. जाळायचं न्हाय."

"आप्पा, फुंकर मारली की जात्यात."

"त्यांच्या त्या जाऊ देत."

आम्ही जैन. आमच्या घरी या विषयावर चर्चा होत नाही. "गेल्या की फोन करा," म्हणून मिस्त्री मशीन उचलून गेले.

तीन दिवस मुंग्या जागच्या हलल्या नाहीत. मग मी डोकं लढवलं. गाडीपासून परसातल्या आंब्यापर्यंत साखरेची रेघ ओढली, म्हणजे वासानं बाहेर पडतील आणि झाडाकडं जातील. सकाळी बघतो तर आंब्यावरच्या मुंग्याही रेघ धरून गाडीत राहायला आलेल्या.

"रेघ कुठनं कुठं ओढलेली?" प्राचीनं विचारलं.

"गाडीपासनं झाडाकडं."

"हे मुंग्यांना सांगितलंतं का?"

मी ऑफिसला निघून गेलो.

शेवटी आईनं कापराच्या वड्या ठेवल्या. सहा दिवसांनी मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं. आप्पांनी भिंग लावून आत बघितलं आणि "झालं रिकामं" म्हणाले, तेव्हा सतरा तारीख उजाडली होती.

"साहेब, आधी दार लावून फट बघूया," मिस्त्री म्हणाले. "एकदा वेल्डिंग झालं की पत्रा हलत न्हाय."

"वेळ कुठाय? रंग वाळायलाच दोन दिवस जातील. मारा टाके."

मिस्त्रींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मारले. मग घासलं, पुट्टी भरली, परत घासलं, रंग दिला. वीस तारखेला दार बसवलं. हात फिरवून बघितलं तर जोड कुठं आहे ते सापडेना. मिस्त्री म्हणाले, "दार घट्ट लागतंय की." मी म्हटलं, होईल सैल.

एकवीसला आई नऊवारी नेसून पुढं बसली. तिचं दार मी कमरेनं रेटून लावलं आणि प्राचीबरोबर मागं बसलो. बाहुबलीला पोचल्यावर आप्पा ऐटीत उतरले, वळसा घालून आले आणि आईचं दार ओढलं. ते हललं नाही. मी ओढलं. दर्शनाला आलेले दोन पावणे धावले, त्यांनीही ओढलं. नव्या रंगाचा टवका तेवढा उडाला. मी तिथंच खाली बसलो. आप्पांची शेवटची खेप मी स्वतःच्या हातानं मातीत घातली होती.

आप्पा मात्र परत आपल्या बाजूला गेले आणि आत हात दिला. आई सलग सीटवरनं सरकत सरकत त्यांच्या दारानं उतरली.

"लग्नादिवशी अशीच उतरलतीस. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? वरातीत बैलगाडी घासली न् दार अडकलं. ते दुरुस्त करायला तुम्हास्नी चार वर्षं लागली."

आप्पांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. "होती तश्शी केलीस की रं! एवढं बारीक तर मीबी सांगितलं नव्हतं."

मी मान खाली घालून "हां" म्हटलं. प्राचीनं ते ऐकलं. घरी येईपर्यंत ती नुसती खिडकीबाहेर बघून हसत होती.