पळण्याआधी मला उचलणारे मामा

पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या आमच्या प्रेसशॉपमधले नागरगोजे मामा पळायच्या आधी मला उचलतात. म्हणजे खांद्यावर घेतात, पाच बैठका मारतात, खाली उतरवतात आणि मग पळतात. माझं वजन बाहत्तर किलो. निवड त्यावरच झाली.

मामा मूळचे बीडकडचे. वय त्रेपन्न. चाकणच्या आमच्या कंपनीत त्यांची हयात गेली. सकाळी सहाला आम्ही दोघं आकुर्डीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघतो. बस आमच्या पुढ्यातच येऊन थांबते. तरी ती कोपऱ्यावर दिसली की मामा तिच्या दिशेने सुटतात, तिला गाठून मागे वळतात आणि तिच्याआधी थांब्यावर पोचायला बघतात. अजून जमलेलं नाही. ड्रायव्हर मात्र हल्ली गाडी जरा हळू घेतो.

"मामा, हे कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"पायाला फसवायचं असतंय, राव. आधी त्याला तुमचं वजन दाखवायचं. मग तुम्ही उतरलात तरी त्याला वाटतं, अजून गडी वरच हाय. तो त्याच जोरानं लाथ मारतो."

"मग उतरवल्यावर लगेच का नाही पळत?"

"लगेच पळलं तर पाय दमलेला असतोय. लई थांबलं तर त्याला खरं कळतं. मधली पाच-सात मिनिटं तेवढी आपली."

त्या मिनिटांत मामा कुणाशी बोलत नाहीत. एकदा सुपरवायझरने 'गुड मॉर्निंग' घातलं, तर मामांनी नुसतं एक बोट वर केलं.

यंदा कंपनीच्या क्रीडादिनाला पन्नाशीपुढच्यांची शंभर मीटरची शर्यत होती. मामांनी घड्याळ बघून मला उचललं, पाच बैठका मारल्या, आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. दोन शब्द संपेनात.

"गेलं. पायाला कळलं," मामा म्हणाले. पाहुणे 'आता शेवटचा मुद्दा' म्हणाले तसं त्यांनी मला परत उचललं. पाहुण्यांचे शेवटचे मुद्दे तीन निघाले, आणि दर मुद्द्याला पाच बैठका झाल्या. तिसऱ्या मुद्द्याला मी मामांच्या खांद्यावरून खालीवर होत थेट पाहुण्यांच्या डोळ्यांत बघत होतो. ते अडखळले, 'धन्यवाद' म्हणाले आणि बसले. टाळ्या बहुतेक आम्हाला होत्या.

शिट्टी वाजल्यावर पहिले तीस मीटर मामा असे सुटले की शेजारच्या पट्ट्यातले स्टोअरचे काळे पळायचं सोडून बघत राहिले. मग वीसच्या वीस बैठका एकदम पायात उतरल्या. मामा सहांत चौथे आले.

घाम पुसून झाल्यावर ते म्हणाले, "बसा परत. बैठकांचा व्हिडिओ काढायचा राहिलाय." मी चढलो, काळ्यांनी फोन धरला. व्हिडिओ बघताना मला राहवलं नाही.

"मामा, गुडघे आत जातायत. रोज तर सरळ असतात. दुखतंय का?"

"न्हाई, न्हाई. मुद्दाम घातले." त्यांनी व्हिडिओ पाठवून टाकला. "पोरीला पाठवतो. कोमल. ती पळायची ना, हे सगळं तिचंच. तिच्या आईमागं आमी दोघंच. तिच्या सरावाला वजन म्हणून तिच्या पाठीवर मीच बसायचो. आता खेळाडूंच्या कोट्यातून नागपूरला नोकरी लागली. कामात असती."

"पण गुडघे मुद्दाम कशाला?"

मामा जरा ओशाळले. "सरळ असले की नुसता अंगठा पाठवती. चुकलं की फोन करती."

आम्ही चहाच्या रांगेत होतो तेव्हा फोन आला. मामा रांग सोडून मैदानाच्या कडेला जाऊन बसले. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाला धरला होता.

"आत गेले व्हय? कुठला, डावा?... मला न्हाई दिसलं... हां... हां... परत एकदा सांग बरं. सावकाश सांग."