धरणाला पाझर फुटतो

दातांच्या डॉक्टरांना काकांच्या मृत्युपत्रातून एक धरण मिळाले. काकांनी बंगला धाकट्या पुतण्याला दिला आणि धरण थोरल्याला, कारण थोरला जबाबदार होता. धरण लहानच होते. टेकडीवरच्या ओढ्याला आडवी घातलेली दगडी भिंत, तिच्यामागे तळे आणि तळ्यात काही आळशी बदके. मालक म्हणून डॉक्टर पहिल्यांदा पाहणीला गेले, तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी दोन दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार वाहत होती.

धरणाच्या खाली वस्ती होती आणि वस्तीतले पहिले घर डॉक्टरांच्या सासूबाईंचे होते.

"अहो, लवकर काहीतरी करा," बायको म्हणाली. "उद्या भिंत फुटली तर लोक म्हणतील, जावयानं मुद्दामच केलं."

"लोकांचं सोड. तुझी आई काय म्हणेल?"

"आई काय म्हणणार? म्हणायला ती राहील तर ना!"

लहान भोक वेळेवर भरावे, नाहीतर पुढे मुळापर्यंत जावे लागते, या तत्त्वावर डॉक्टरांचा दवाखाना चालत होता. पण धरण खासगी असले तरी मालकाने परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नसतो. म्हणून ते धरण सुरक्षा कार्यालयात गेले. तेथून एक अत्यंत विनयशील निरीक्षक आले. त्यांनी धारेत बोट भिजवले, रुमालाने पुसले आणि समाधानाने मान हलवली.

"गळतीच आहे ना ही?" डॉक्टरांनी विचारले.

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिले. "डॉक्टरसाहेब, हा शब्द जरा जपून वापरा. गळती लिहिली की धरण धोकादायक ठरतं. धोकादायक धरणापाशी माणसानं जायचं नाही. मग बुजवायला जाणार कोण?"

"आधी दरवाजा उघडून पाणी सोडून देऊ."

"धोकादायक धरणाचा दरवाजा उघडायचा नसतो. भिंतीला हादरा बसतो."

"मग करायचं काय?"

"पाझर लिहू. पाझराला नियमात जागा आहे."

"आणि पाझर बुजवता येतो?"

"बुजवायचा कशाला? तो धरणाच्या प्रकृतीला चांगला असतो."

दगडाला पाझर फुटतो हे डॉक्टरांनी लहानपणापासून ऐकले होते. आता प्रत्यक्ष पाहिले. कार्यालयाला मात्र तो कशानेही फुटेना. त्यांनी तेथे दातांच्या कण्या केल्या, आणि तो त्यांचा पेशा असूनही उपयोग झाला नाही.

यथावकाश धार मनगटाएवढी झाली. निरीक्षक पुन्हा आले. या खेपेस ते आनंदितच दिसले.

"अभिनंदन! पाझराची मर्यादा ओलांडली."

"म्हणजे आता तरी गळती?"

"छे, छे! आमच्या धरणांना गळती नसते. खडकातून एवढं स्वच्छ पाणी, तेही बारा महिने! याला मराठीत झरा म्हणतात. आणि झरे आमच्याकडे येत नाहीत. ते निसर्ग संवर्धनवाल्यांचं काम."

निसर्ग संवर्धन कार्यालयाने तत्परता दाखवली. कठडा आला, बाक आला आणि फलक आला: 'नैसर्गिक झरा. दगड, माती अथवा सिमेंट टाकणाऱ्यास दंड होईल.' वस्तीतले लोक कॅन घेऊन रांगा लावू लागले. एका निवृत्त मास्तरांची गुडघेदुखी या पाण्याने थांबली, म्हणून दुसऱ्या एका निवृत्त मास्तरांची सुरू झाली. त्यांना रांगेत उभे राहावे लागत होते. आणि झरा बचाव समिती स्थापन होऊन तिच्या अध्यक्षपदी सासूबाई बिनविरोध निवडून आल्या.

शेवटी एका दुपारी डॉक्टर सिमेंटची पिशवी आणि थापी घेऊन स्वतःच निघाले. बाकावर अध्यक्षा बसलेल्या होत्या.

"जावईबापू, पिशवीत काय आहे?"

"सिमेंट."

"दवाखाना चालत नाही का हल्ली?"

"सासूबाई, ही भिंत तुमच्या डोक्यावर आहे. आणि तिला भोक पडलंय."

"तुम्हाला मेलं सगळीकडे भोकच दिसतं. माणूस हसला तरी तुम्ही त्याच्या दाढा मोजता."

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली आणि जावयाच्या जातीने सहसा उच्चारू नये असे वाक्य उच्चारले. "तुम्ही आमच्याकडे राहायला चला. कायमच्या."

सासूबाईंनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिले. "आणि झरा कोण सांभाळणार? तुम्ही? चला, चहा घ्या. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर झऱ्याचा भलामोठा फोटो होता. तो किंचित तिरका होता. वाकड्या दातांचा राग असलेल्या डॉक्टरांनी तो सरळ करायला हात लावला आणि मागची भिंत त्यांच्या बोटाखाली भिजलेल्या बिस्किटासारखी दबली. ओल जमिनीपासून खांद्यापर्यंत चढली होती.

"सासूबाई! भिंतीत पाणी शिरलंय!"

"मला नाही का ठाऊक? म्हणून तर फोटो मोठा करून घेतला," सासूबाई चहा गाळत म्हणाल्या. "आता कडेनं पुन्हा दिसायला लागलंय. याच्याहून मोठी चौकट लागेल. सासूसाठी एवढं तरी कराल ना?"

डॉक्टरांनी केले. जबाबदार होते ते.

इथवर वाचताना आपल्याला हसू आले असेल, तर छानच. दात निरोगी आहेत. फक्त हसून झाले की उठा आणि आपल्या घरातले कॅलेंडर जरा बाजूला सरकवून पाहा. तारीख बघण्यासाठी इतक्या खाली, दाराआडच्या त्या कोपऱ्यात, कोणी कॅलेंडर लावते का?