कचरूभाऊंची गरिबी

कचरूभाऊंनी गरीब व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या घरी ट्रॅक्टर होता, फ्रीज होता आणि पोरगा कल्याण लग्नाचा होता.

झालं असं, की शेजाऱ्याने बांध कोरला. कोर्टात वकील फुकट मिळतो, फक्त वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत पाहिजे, असं कुणीतरी सांगितलं. फुकट म्हटल्यावर भाऊंना दम निघेना! उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी घर बघायला येणारच, असं त्यांनी मनाशी धरलं. ट्रॅक्टर समोर चुलतभाऊ आदिनाथच्या दारात लावला, फ्रीजवर वाकळ टाकली आणि फाटकं बनियन चढवलं.

"कुणी इचारलं तर ट्रॅक्टर तुझाच म्हण," त्यांनी आदिनाथला बजावलं.

"अवो, कल्याणला बघायला पावणे येऊन राह्यले, अन् ह्ये काय सोंग?" बायको चतुराबाई कडाडल्या.

"पावणे उद्या येतेत. आज गप ऱ्हाय."

दुपारी पांढऱ्या शर्टातली तीन माणसं दारात आली. भाऊ मटकन ओट्यावर बसले.

"या साहेब. गरिबाकडं काय बघायचं? एक येळ खातो, दुसऱ्या येळंला पाणी पेतो."

"शेती?" त्यातल्या वयस्कर गृहस्थाने चाचरत विचारलं.

"नावाला हाय. कुसळ बी उगवत न्हाई."

"अन् पोरगं?"

"बसून खाऊन राह्यलं. बिलकुल कामाचं न्हाई!"

गृहस्थाने कपाळाला हात लावला. "बरं झालं, जल्दी कळलं. आम्ही वाटूरहून आल्तो, पोरीसाठी. उद्या अमावस्या, म्हणून आजच निघालो."

भाऊ धडपडत उठले. "पावणं, ऐका तर! फ्रीज हाय, ह्या वाकळंखाली!"

पण पाहुणे उठलेच. समोरचा ट्रॅक्टर बघून ते थबकले आणि कुणाचा म्हणून विचारलं. आदिनाथ शब्दाचा पक्का. "आपलाच हाय," म्हणाला. आठ दिवसांत त्याच पोरीशी त्याच्या पोराची, पप्पूची सुपारी फुटली.

इकडे तलाठी घराकडं न फिरकताच भाऊंना दाखला मिळाला. तो घेऊन नवरा-बायको फुकट वकिलाचा अर्ज करायला भोकरदनच्या कोर्टात गेले. तिथल्या कारकुनाने सातबारा पाहिला.

"जमीन तर बाईंच्या नावावर. मंग अर्ज त्यांनीच करायचा. अन् बाईमाणसाला उत्पन्नाची अटच न्हाई."

"म्हंजे दाखला..." भाऊ पुटपुटले.

"लागतच नव्हता."

चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हातचं स्थळ गेल्याचा संताप त्यांच्या डोळ्यांत उतरला होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, पोटगीसाठी बी वकील फुकट भेटतो?"

"भेटतो की."

"मंग बांधाचं ऱ्हाऊ द्या. आधी पोटगीचं घ्या. अन् ह्यांचं उत्पन्न बराबर लिहा, नऊ लाख. एक रुपया कमी लावू नका."