मिक्सर बंद करू नको!

अंजूची मुलाखत अकरा वाजता ऑनलाइन होती, आणि तिच्या मागच्या खोलीपर्यंत पोचता पोचता इंटरनेट दमून जायचं. म्हणून तिचे वडील पूनमसिंग आदल्या दिवशी दिग्रसला जाऊन सिग्नल पुढं ढकलणाऱ्या दोन डब्या घेऊन आले. एक स्वयंपाकघरात लावली, दुसरी पडवीत.

"एक रस्ता अडला तर नेट दुसऱ्यानं येईन. आता कायले घाबरून राह्यली?"

"बा, एकच डबी पुरे होती." पण बाच्या उत्साहापुढं अंजूचं संगणकाचं शिक्षण टिकलं नाही.

मुलाखत सुरू झाली आणि पडद्यावरच्या साहेबांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. दारात उभे पूनमसिंग घामाघूम झाले. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला. साहेब हलले, घडाघडा बोलू लागले! मिक्सर थांबला, मिनिटभरात साहेब पुन्हा गोठले.

पूनमसिंग बायकोकडं धावले. "लाली, मिक्सर चालू कर! त्याच्यानंच नेट येऊन राह्यलं!"

"पण चटणी झाली ना जी!"

"मंग दुसरं काही वाट! आता बंद करू नको!"

लालीबाईंनी शेंगदाणे वाटले, जिरं वाटलं, धणे वाटले, साखरेची पिठी केली. शेवटी पोह्यांचा डबा उघडला.

"तुमच्याकडे गिरणी आहे का?" साहेबांनी विचारलं.

अंजूनं दोन मिनिटं मागितली आणि स्वयंपाकघर गाठलं. भिंतीवरच्या एकुलत्या सॉकेटात मिक्सरची पिन होती. डबी ओट्यावर पडली होती.

"याडी," तिनं आईला विचारलं, "ही डबी तू काढली?"

"मंग मिक्सर कुठं लावू? चटणी झाल्यावर परत लावलीच होती ना मी!"

अंजूला उलगडा झाला. "बा, दोन्ही डब्या एकाच हवेतून बोलून राह्यल्या. एक बोलली का दुसरीचं बोलणं तुटते. एक निघाली तवाच नेट मोकळं झालं."

पूनमसिंगनी स्वतःच्या हातानं मिक्सर बंद केला. डबी कपाटात गेली. अंजूनं साहेबांनाही सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते पोट धरून हसले. घरोघरच्या नेटच्या तक्रारी सोडवायच्या, अशीच ती नोकरी होती. दुपारी निवडीचा फोन आला.

संध्याकाळी शेजारचे धरमसिंग पेढा खायला आले. "पूनमभाऊ, मिक्सरवर नेट चाललं म्हणते तुमचं. कोणत्या कंपनीचा हाय?"

पूनमसिंगनी अंजूकडं पाहिलं. ती ओढणीत हसू दाबत होती.

"कंपनी कोणतीबी चालते," ते गंभीरपणे म्हणाले, "पण साडेसातशे वॅटचा पाह्यजे."